नळ आणि भुयारी गटार : विस्ताराचा भार कोणी उचलावा?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ३७ कोटी ७० लाख लोक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ३१.१६ टक्के, नागरी भागात राहत होते. नागरी कुटुंबांपैकी ७०.६ टक्के कुटुंबांना नळाचे पाणी उपलब्ध होते. परंतु भुयारी गटाराशी जोडलेली शौचालये केवळ ३२.७ टक्के कुटुंबांकडे होती. या दोन आकड्यांमधील अंतर नागरी विकासाचा एक मूलभूत प्रश्न दाखवते. पाणी घरात येते त्या प्रमाणात ते घरातून बाहेर नेण्याची व्यवस्था उभी राहिलेली नाही आणि ज्या वस्त्यांपर्यंत या दोन्ही सुविधा पोहोचायच्या आहेत, त्यांतील बऱ्याचशा शहराच्या वाढत्या कडेवर वसलेल्या आहेत.

शहराची हद्दवाढ होते, आजूबाजूची गावे महापालिकेत समाविष्ट होतात, शेतजमिनींवर भूखंड पडतात आणि काही वर्षांतच तेथे दाट वस्ती उभी राहते. रहिवासी सुरुवातीला कूपनलिका, विहिरी आणि टँकर यांवर अवलंबून असतात व सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा उघड्या नाल्यात सोडतात. वस्ती वाढली की भूजल खालावते व दूषित होते आणि नळ व भुयारी गटाराची मागणी जोर धरते. मागणीविषयी सहसा दुमत नसते. मतभेद सुरू होतात ते योजनेचे अंदाजपत्रक समोर आल्यावर. या वाहिन्यांचे पैसे कोणी द्यायचे? वस्तीतील रहिवाशांनी, संपूर्ण शहराने, जमीन विकणाऱ्या विकासकाने की राज्य आणि केंद्र शासनाने? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची घटनात्मक व आर्थिक चौकट आणि दक्षिण भारतातील दोन शहरांचा अनुभव यांचा परामर्श घेतला आहे.

वादातील बाजू

या वादात प्रत्येक पक्षाचे म्हणणे प्रथमदर्शनी सयुक्तिक वाटते. जुन्या शहरातील करदाते म्हणतात की, त्यांच्या करातून नव्या वसाहतींच्या सुविधा उभारल्या जाऊ नयेत. ज्यांनी स्वस्तात भूखंड घेतले त्यांनीच विकासाचा खर्च सोसावा. नव्या वसाहतींतील रहिवासी उत्तर देतात की, जुन्या शहराच्या जलवाहिन्या घालताना कोणत्याही कुटुंबाकडून आगाऊ रक्कम मागितलेली नव्हती. त्या शासकीय निधीतून झाल्या. शिवाय हद्दवाढीनंतर आपणही मालमत्ता कर भरतो आणि त्यावर पुन्हा टँकरचे पैसे मोजतो. विकासकाचा दावा असतो की, परवानगी घेताना आपण विकास शुल्क भरलेच आहे. भाडेकरू विचारतो की, वाहिनीमुळे घराची किंमत वाढणार ती मालकाची; मग अंशदानाची रक्कम भाड्यात का वसूल व्हावी? झोपडपट्टीतील कुटुंबाला जोडणीची एकरकमी रक्कम परवडत नाही आणि पुष्कळदा जमिनीच्या मालकीचा पुरावा नसल्यामुळे जोडणीसाठी अर्जही करता येत नाही.

या सर्वांत एक पक्ष सभेला सहसा उपस्थित नसतो. तो म्हणजे मोकळ्या भूखंडाचा मालक. त्याला आज पाणी नको असते, त्यामुळे त्याच्याकडून पाणीपट्टीही येत नाही. तथापि, जलवाहिनी व मलवाहिनी रस्त्यापर्यंत पोहोचताच त्याच्या भूखंडाचा भाव वाढतो. सार्वजनिक गुंतवणुकीचा हा लाभ त्याच्या हिशेबात जमा होतो. खर्च मात्र इतरांच्या नावे पडतो. खर्चाच्या न्याय्य विभागणीचा विचार करताना या घटकाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

घटनात्मक आणि न्यायिक चौकट

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. बाराव्या अनुसूचीत घरगुती, औद्योगिक व वाणिज्यिक प्रयोजनांसाठी पाणीपुरवठा, तसेच सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व मलनिःसारण हे विषय समाविष्ट आहेत. अनुच्छेद २४३-डब्ल्यू अन्वये राज्य विधिमंडळ ही कामे नगरपालिकांकडे सोपवू शकते आणि अनुच्छेद २४३-एक्स अन्वये त्यांना कर, शुल्क व पथकर आकारण्याचे अधिकार देऊ शकते. अनुच्छेद २४३-वाय राज्य वित्त आयोगाला नगरपालिकांच्या वित्तीय स्थितीचा आढावा घेण्याचे काम सोपवतो. तर अनुच्छेद २८० (३) (सी) नुसार केंद्रीय वित्त आयोग नगरपालिकांच्या साधनसंपत्तीला पूरक ठरतील अशा उपाययोजनांची शिफारस करतो. म्हणजेच घटनेने काम स्थानिक संस्थेचे मानले असले तरी पैसा उभारण्याची जबाबदारी तिन्ही स्तरांवर वाटली आहे.

पैसा नाही म्हणून काम नाही, ही सबब ग्राह्य धरता येते का? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रतलाम नगरपरिषद विरुद्ध वर्धीचंद या खटल्यात दिले. मध्य प्रदेशातील रतलाम शहराच्या एका प्रभागातील रहिवाशांनी उघडी गटारे, दुर्गंधी आणि शौचालयांचा अभाव याविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. नगरपरिषदेने आर्थिक असमर्थता पुढे केली. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी दिलेल्या निकालात ही सबब अमान्य करण्यात आली. सार्वजनिक आरोग्याचे रक्षण हे नगरपरिषदेचे वैधानिक कर्तव्य असून निधीच्या टंचाईमुळे ते टळत नाही, कमी महत्त्वाच्या खर्चाला कात्री लावून तो पैसा स्वच्छतेकडे वळवावा, असा या निकालाचा आशय आहे.

दुसरा मुद्दा कर आणि शुल्क यांतील भेदाचा. अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा गोळा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मधील शिरूर मठ खटल्यात कर व शुल्क यांची प्रसिद्ध विभागणी केली. कर हा सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीने घेतला जातो व त्याच्या मोबदल्यात करदात्याला विशिष्ट लाभ मिळेलच असे नाही. शुल्क मात्र विशिष्ट सेवेच्या बदल्यात आकारले जाते. पुढील निकालांत सेवा व शुल्क यांचा पैशापैशाचा हिशेब जुळण्याची अट सैल झाली असली तरी दोहोंमध्ये ढोबळ परस्परसंबंध असावा, हे तत्त्व टिकून आहे. रहिवाशांच्या सभेत जेव्हा कोणी म्हणतो की, ‘कर भरला आहे, आता पुन्हा अंशदान कशासाठी?’ तेव्हा तो नकळत हाच भेद उपस्थित करत असतो.

खर्चाचे तीन थर

वाद बराचसा गुंतागुंतीचा होतो तो योजनेचा खर्च एकच रक्कम म्हणून मांडल्यामुळे. वस्तुतः या खर्चाचे तीन थर आहेत.

पहिला थर सामायिक यंत्रणेचा. धरण किंवा नदीवरील उद्भव, जलशुद्धीकरण केंद्र, मुख्य जलवाहिनी, मोठे जलकुंभ, मुख्य मलवाहिनी, पंपगृहे आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांचा त्यात समावेश होतो. यांचा लाभ एका वसाहतीपुरता नसतो. नदी स्वच्छ राहिली तर खालच्या बाजूच्या गावांनाही लाभ होतो आणि रोगराई टळली तर संपूर्ण शहराला. दुसरा थर वितरण जाळ्याचा, म्हणजे वसाहतीतील रस्त्यांखालच्या वाहिन्या व चेंबर यांचा. यांचा लाभ मुख्यतः त्या वसाहतीतील मालमत्तांना, बांधलेल्या आणि मोकळ्याही, मिळतो. तिसरा थर घरजोडणीचा आणि दैनंदिन वापराचा. नळजोडणी, मीटर, वीज, रसायने, कर्मचारी आणि दुरुस्ती हा खर्च वापराच्या प्रमाणात वाढतो.

पाणी व मलनिःसारण यांचा हिशेब एकत्र करणेही आवश्यक आहे. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणीपुरवठ्याचे मानक वापरले जाते आणि पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते, असे नियोजनात गृहीत धरतात. म्हणजे दहा हजार लोकसंख्येच्या वसाहतीला दररोज १३ लाख ५० हजार लिटर पाणी दिले की सुमारे १० लाख ८० हजार लिटर सांडपाण्याची व्यवस्था त्याच दिवशी लागते. नुसता नळ दिला आणि गटार लांबणीवर टाकले, तर त्या वसाहतीचा खर्च नाहीसा होत नाही. तो नाल्याकाठच्या वस्तीवर आणि नदीवर ढकलला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील नागरी भागांत दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते, तर स्थापित प्रक्रिया क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्षात २०,२३६ दशलक्ष लिटर सांडपाण्यावरच प्रक्रिया होत होती.

वसुलीची साधने

या तीन थरांसाठी वेगवेगळी साधने उपलब्ध आहेत. सामायिक यंत्रणेसाठी सर्वसाधारण कर व शासकीय अनुदान योग्य ठरते, कारण तिचा लाभ सार्वत्रिक असतो. वितरण जाळ्यासाठी सुधार आकार, विकास शुल्क किंवा मालमत्तेशी निगडित लाभ कर आकारता येतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये पाणीपट्टीव्यतिरिक्त जललाभ कराची आणि मलनिःसारण करासोबत मलनिःसारण लाभ कराची तरतूद आहे. हे लाभ कर भांडवली कामांचा खर्च भागवण्याच्या दृष्टीने आखलेले आहेत. दैनंदिन खर्चासाठी मीटरवर आधारित उपभोक्ता शुल्क हे सर्वमान्य साधन आहे. त्यात मूलभूत गरजेपुरत्या पाण्याला कमी दर आणि त्यापुढील वापराला टप्प्याटप्प्याने वाढते दर ठेवून परवडण्याचा प्रश्न काही अंशी सोडवता येतो.

वेळेचाही प्रश्न आहे. जलवाहिन्या व मलवाहिन्या अनेक दशके टिकतात. त्यांचा संपूर्ण खर्च आजच्या रहिवाशांकडून एकरकमी वसूल केला, तर उद्या येणाऱ्या रहिवाशांना ती सुविधा जवळजवळ फुकट मिळते. समजा, एक हजार घरांच्या वसाहतीतील विस्ताराचा खर्च सहा कोटी रुपये आहे. प्रत्येक घराचा वाटा साठ हजार रुपये होतो. हीच रक्कम आठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जातून उभारली, तर मासिक हप्ता घरटी सुमारे ५०० रुपये येतो. व्याजामुळे एकूण रक्कम वाढते. परंतु भार वापराच्या काळावर पसरतो आणि मध्येच घर बदलणारा आपल्या वास्तव्यापुरताच वाटा उचलतो.

यासाठीच नगरपालिकांचे कर्जरोखे महत्त्वाचे ठरतात. बंगळुरू महापालिकेने १९९७ मध्ये राज्य शासनाच्या हमीवर कर्जरोखे काढले. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विक्रीस काढले. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपये याच मार्गाने उभारले. लहान नगरपालिकांना एकेकट्याने बाजारात जाणे शक्य नसते. तमिळनाडूने २००२ मध्ये १३ लहान-मध्यम नागरी संस्थांची गरज एकत्र करून सामूहिक निधीद्वारे सुमारे ३० कोटी रुपये उभारले. मात्र कर्जरोखे हे उत्पन्न नव्हे. त्यांची परतफेड अखेर कर, शुल्क किंवा अनुदान यांतूनच होते. त्यामुळे ‘कोणी द्यायचे’ हा प्रश्न कर्जाने सुटत नाही, त्याला केवळ अवधी मिळतो.

आलंदूरचा अनुभव

चेन्नई शहराला लागून असलेली आलंदूर ही १९९० च्या दशकात सुमारे सव्वा लाख लोकसंख्येची स्वतंत्र नगरपालिका होती. तेथे भुयारी गटार नव्हते. घरोघरी सेप्टिक टाक्या होत्या, त्या टँकरने उपसाव्या लागत आणि उघड्या गटारांतून वाहणाऱ्या मैलापाण्यामुळे डासांचा व भूजल दूषित होण्याचा त्रास होता. १९९६ मध्ये नगराध्यक्षपदी निवडून आलेल्या आर. एस. भारती यांच्या कारकिर्दीत नगरपालिकेने भुयारी गटार योजना हाती घेतली. तिचा खर्च सुमारे ३४ कोटी रुपये होता. एवढी रक्कम नगरपालिकेकडे नव्हती आणि केवळ कर्जातून ती उभारणेही शक्य नव्हते.

नगरपालिकेने रहिवाशांकडून जोडणीची ठेव आगाऊ घेण्याचा प्रस्ताव मांडला. घरगुती जोडणीसाठी ५,००० रुपये आणि वाणिज्यिक जोडणीसाठी १०,००० रुपये असे दर ठरले. ही रक्कम त्या काळातील मध्यमवर्गीय कुटुंबालाही लहान नव्हती. खोदकाम सुरू होण्यापूर्वी पैसे मागितले जात असल्याने शंका उपस्थित होणे स्वाभाविक होते. योजना अर्धवट राहिली तर? पैसा अन्यत्र खर्च झाला तर? नगरपालिकेने रहिवासी संघटनांच्या सभा घेऊन योजनेचा आराखडा, खर्च व मासिक दर यांची चर्चा केली. जमा झालेली रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्यात आली. रहिवाशांच्या इच्छेचे व देयक्षमतेचे सर्वेक्षणही करण्यात आले. या प्रयत्नांमुळे हजारो कुटुंबांनी काम सुरू होण्यापूर्वीच रक्कम भरली.

उर्वरित निधी तमिळनाडू नागरी विकास निधीचे कर्ज व अनुदान यांतून आला. मलवाहिन्यांचे जाळे नगरपालिकेने उभारले. तर दररोज १२ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ तत्त्वावर खासगी गुंतवणुकीतून बांधले गेले. घरगुती जोडणीसाठी दरमहा सुमारे १५० रुपये शुल्क ठरले. हे उत्पन्न कर्जफेड व देखभाल यांना अपुरे पडल्यास तूट भरून काढण्याची हमी राज्य शासनाने दिली.

या आखणीचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक घटकाच्या वाट्याला खर्चाचा एक ओळखू येणारा भाग आला. रहिवाशाने जोडणी व देखभाल यांचा भार घेतला, नगरपालिकेने कर्जाचा, खासगी भागीदाराने प्रक्रिया केंद्राच्या गुंतवणुकीचा आणि राज्याने तुटीच्या जोखमीचा. चर्चा खोदकामाआधी झाली, हे दुसरे वैशिष्ट्य. २०११ मध्ये आलंदूर चेन्नई महापालिकेत विलीन झाले. तथापि, लोकसहभागातून मलनिःसारण योजना उभारण्याचे उदाहरण म्हणून या नगराचा उल्लेख आजही केला जातो.

बंगळुरूच्या कडेवरील वसाहती

सुमारे त्याच काळात बंगळुरूभोवतीच्या आठ नागरी संस्थांनीही अंशदानाचा मार्ग स्वीकारला. बोम्मनहळ्ळी, ब्याटरायनपुरा, दासरहळ्ळी, कृष्णराजपुरम, महादेवपुरा, राजराजेश्वरीनगर, येलहंका या सात नगरपरिषदा आणि केंगेरी हे एक लहान नगर यांच्यासाठी बृहद् बंगळुरू पाणीपुरवठा व स्वच्छता प्रकल्प आखण्यात आला. खर्चाचा मोठा हिस्सा लाभार्थी अंशदानातून, काही हिस्सा कर्जातून व उर्वरित शासकीय अनुदानातून यायचा होता. अंशदानाची रक्कम भूखंडाच्या आकारानुसार काही हजार रुपयांपासून सुमारे पंधरा हजार रुपयांपर्यंत होती. २००५ मध्ये कर्नाटक शासनाने सामूहिक निधीद्वारे १०० कोटी रुपयांचे कर्जरोखेही काढले.

भूखंडाच्या आकारावर आकारणी ठेवणे तत्त्वतः योग्य होते. तथापि, या वसाहतींपैकी अनेक शेतजमिनीचे रीतसर रूपांतर न करता पाडलेल्या भूखंडांवर वसलेल्या होत्या. तेथील रहिवाशांच्या दृष्टीने अंशदानाची पावती ही केवळ पाण्यासाठी दिलेल्या पैशाची पोच नव्हती. शहराने आपली दखल घेतल्याचा तो पुरावा होता. म्हणून अनेकांनी तक्रार करत का होईना, पैसे भरले. दुसरीकडे, जुन्या शहरातील नागरिकांकडून असे अंशदान कधीच घेतले गेले नव्हते, मग कडेवरच्या कुटुंबांकडूनच का, असा आक्षेप नागरी संघटनांनी घेतला.

खरी अडचण मात्र पैसे भरल्यानंतर उद्भवली. वाहिन्यांचे जाळे आणि पाण्याचा उद्भव ही दोन वेगळी कामे होती. कावेरी योजनेच्या चौथ्या टप्प्याचा दुसरा भाग २०१२ मध्ये कार्यान्वित होईपर्यंत या भागाला पुरेसे पाणी मिळणे शक्य नव्हते. दरम्यान, २००७ मध्ये आठही संस्था व ११० गावे मिळून बृहत् बंगळुरू महानगरपालिका स्थापन झाली. ज्या नगरपरिषदांच्या नावे अंशदान मागितले गेले, त्या संस्थाच अस्तित्वात राहिल्या नाहीत. पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळ ही आधीपासूनच स्वतंत्र यंत्रणा होती. त्यामुळे विलंबाचा जाब कोणाला विचारायचा, हे रहिवाशांना उमजेना. ११० गावांसाठी आखलेला कावेरीचा पाचवा टप्पा, ज्याची क्षमता दररोज ७७५ दशलक्ष लिटर आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे समावेशनानंतर सतरा वर्षांनी. पुढे २०२५ मध्ये महानगरपालिकेचीही पाच महापालिकांत विभागणी झाली.

दोन्ही अनुभव शेजारी ठेवले असता असे दिसते की, रहिवाशांनी पैसे द्यावेत की नाही, हा मुद्दा एकटा निर्णायक ठरत नाही. दोन्हीकडे त्यांनी पैसे दिले. आलंदूरमध्ये रक्कम, काम व उत्तरदायी संस्था या तीन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या होत्या. बंगळुरूच्या कडेवर त्या एकमेकींपासून सुटल्या.

गरीब वस्त्या आणि पर्यायी व्यवस्था

अंशदानाच्या प्रत्येक पद्धतीत गरीब कुटुंबांचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावा लागतो. जोडणीची एकरकमी रक्कम ही त्यांच्यासाठी मासिक दरापेक्षा मोठी अडचण असते. टँकर वा खासगी विक्रेत्यांकडून पाणी घेताना ही कुटुंबे प्रति लिटर नळापेक्षा कितीतरी अधिक पैसे मोजतात. त्यामुळे त्यांची देयक्षमता शून्य आहे असे मानणे चूक, तसेच ते एकरकमी देऊ शकतील असे मानणेही चूक. जोडणीची रक्कम मासिक देयकात हप्त्याने विभागणे, मालकीच्या पुराव्याऐवजी वास्तव्याचा पुरावा ग्राह्य धरणे आणि सवलतीची तूट इतर ग्राहकांच्या नव्हे तर शासनाच्या अंदाजपत्रकातून भरणे, हे उपाय या दृष्टीने विचारात घेता येतात.

प्रत्येक लहान नगरात भुयारी गटार आर्थिकदृष्ट्या परवडेलच असेही नाही. २०११ मध्ये ३८.२ टक्के नागरी कुटुंबे सेप्टिक टाकीवर अवलंबून होती. केंद्र शासनाने २०१७ मध्ये मैला व सेप्टिक टाक्यांतील गाळ यांच्या व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. महाराष्ट्रातील वाई व सिन्नर या नगरांनी सेप्टिक टाक्यांचा ठरावीक कालावधीने उपसा करण्याची पद्धत स्वीकारली आणि तिचा खर्च स्वच्छता करातून भागवण्याची व्यवस्था केली. टाकी भरल्यावर प्रत्येक कुटुंबाने एकरकमी पैसे देण्याऐवजी सर्वांनी दरवर्षी थोडी रक्कम भरायची, असे त्यामागील तत्त्व आहे. येथेही खर्चाची विभागणी हाच मुख्य प्रश्न आहे. फक्त वाहिनीच्या जागी उपसा करणारे वाहन आले आहे.

केंद्राचा वाटा

डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने केंद्रीय साहाय्याची सांगड सुधारणांशी घातली. चाळीस लाखांवरील शहरांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि दहा ते चाळीस लाख लोकसंख्येच्या शहरांना ५० टक्के केंद्रीय अनुदान होते. त्याबरोबर परिचालन व देखभालीचा पूर्ण खर्च उपभोक्ता शुल्कातून वसूल करण्याची अट होती. जून २०१५ मध्ये ५०० शहरांसाठी अमृत योजना आली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी पाच वर्षांसाठी सुरू झालेल्या अमृत २.० मध्ये सर्व वैधानिक नगरांत नळजोडणी आणि अमृतच्या ५०० शहरांत मलनिःसारणाची व्याप्ती वाढवणे ही उद्दिष्टे ठेवण्यात आली. तिचा एकूण आराखडा २ लाख ९९ हजार कोटी रुपयांचा असून केंद्राचा वाटा ७६,७६० कोटी रुपये आहे. दहा लाखांवरील शहरांना २५ टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना एक तृतीयांश व एक लाखाखालील नगरांना ५० टक्के केंद्रीय साहाय्य असे सर्वसाधारण सूत्र आहे. ईशान्येकडील व डोंगराळ राज्यांसाठी हे प्रमाण ९० टक्के आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही दहा लाखांखालील शहरांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांच्याशी निगडित केला होता.

लहान नगरांना अधिक प्रमाण देण्यामागील भूमिका स्पष्ट आहे. मोठ्या शहराचा करपाया रुंद असतो, लहान नगराचा अरुंद. मात्र अनुदानाने वाहिनी घालता येते, ती चालवता येत नाही. वीजबिल थकले की पंप बंद पडतात आणि प्रक्रिया केंद्र उभे असूनही मैलापाणी नदीत जाते. स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष प्रक्रिया यांतील वर दिलेल्या तफावतीमागील अनेक कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण आहे.

विभागणीची सूत्रे

या विवेचनातून काही सूत्रे हाती येतात. ज्या यंत्रणेचा लाभ संपूर्ण शहराला व नदीखोऱ्याला होतो, तिचा खर्च सर्वसाधारण कर व अनुदानातून व्हावा. तो एका वसाहतीवर लादणे अन्यायाचे आहे. वसाहतीतील जाळ्याचा खर्च तेथील सर्व मालमत्तांनी, मोकळ्या भूखंडांसह, आकारमानानुसार उचलावा आणि तो शक्यतो दीर्घ मुदतीच्या कर्जातून हप्त्याने वसूल व्हावा. दैनंदिन खर्च वापरकर्त्याने द्यावा. गरिबांची सवलत अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावी. आगाऊ रक्कम घ्यायची असेल तर तिचे खाते वेगळे असावे, त्याचे लेखापरीक्षण जाहीर व्हावे, काम पूर्ण करण्याची मुदत लेखी द्यावी आणि मुदत टळल्यास रक्कम सव्याज परत करण्याची तरतूद असावी. पाण्याचा उद्भव निश्चित होण्यापूर्वी वितरण जाळ्याचे अंशदान गोळा करू नये. हद्दवाढ किंवा विलीनीकरण करताना जुन्या संस्थेने दिलेली आश्वासने नव्या संस्थेवर बंधनकारक राहतील, असे संबंधित अधिसूचनेत नमूद करावे.

या शेवटच्या सूत्राचे महत्त्व महाराष्ट्रातही जाणवते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. अशा समाविष्ट गावांत मालमत्ता कराची आकारणी आणि सुविधांची पूर्तता यांचा वेग सारखा नसतो. त्यातून कर भरण्याविषयीची अनिच्छा वाढते आणि अनिच्छेमुळे थकबाकी वाढून सुविधा आणखी लांबतात. हे चक्र भेदण्यासाठी पहिले पाऊल स्थानिक संस्थेनेच उचलणे इष्ट ठरते, कारण माहिती व अधिकार तिच्याकडे असतात. कोणत्या वसाहतीला कोणत्या वर्षी पाणी व गटार मिळेल, त्याचा खर्च किती आणि त्यात कोणाचा वाटा किती, हे प्रभागनिहाय प्रसिद्ध केल्यास रहिवाशांच्या चर्चेला निश्चित आधार मिळेल. सार्वजनिक सेवेसाठी पैसे देण्यास भारतीय नागरिक तयार नसतो, ही समजूत आलंदूरच्या अनुभवापुढे टिकत नाही. दिलेल्या पैशाचा हिशेब आणि त्यापोटी मिळणाऱ्या सेवेची खात्री यांची तो अपेक्षा करतो आणि ती अपेक्षा पूर्ण करणे हेच स्थानिक स्वराज्याचे कर्तव्य आहे.